स्पायनल स्टेनोसिसचे संशोधन कोणत्या दिशेने चालले आहे, ते कसे ओळखावे

कण्यातल्या ज्या नळीतून मज्जारज्जू आणि नसा जातात ती अरुंद झाली की त्याला स्पायनल स्टेनोसिस म्हणतात. या विषयावर दरवर्षी शेकडो शोधनिबंध छापले जातात. त्यांतले कोणते उपचार बदलतात आणि कोणते फक्त यादी लांबवतात, हे निवडून काढण्याची पद्धत इथे दिली आहे. विद्यार्थी, फिजिओथेरपिस्ट, आरोग्यावर लिहिणारे पत्रकार आणि एमआरआयचा रिपोर्ट हातात घेऊन माहिती शोधायला बसलेले रुग्ण, सगळ्यांना ती वापरता येईल.

रुग्णांसाठी एक गोष्ट सगळ्यांच्या आधी. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, बसण्याची जागा आणि जांघांची आतली बाजू बधिर होणे, पाऊल झपाट्याने लुळे पडणे यांपैकी काहीही असेल तर वाचन बाजूला ठेवून त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा.

आधी आजाराची हद्द आखा

"नस दबली आहे" या तीन शब्दांत कितीतरी वेगळे आजार मावतात आणि शोधनिबंधांतही हाच गोंधळ असतो. कंबरेतला म्हणजे लंबर स्टेनोसिस आणि मानेतला म्हणजे सर्व्हायकल स्टेनोसिस यांचे निष्कर्ष कधीही एका तक्त्यात मांडू नका. मज्जारज्जू साधारण पहिल्या-दुसऱ्या लंबर मणक्यापाशी संपतो. त्याखाली नसांचा जुडगा असतो, तो दबला की मुख्य प्रश्न चालण्याचा होतो. मानेत खुद्द मज्जारज्जूच दबतो. हातांची बारीक कामे अडतात, तोल जातो आणि वाट पाहण्याची किंमत फार मोठी असते. पुढचे विवेचन कंबरेच्या स्टेनोसिसचे आहे.

त्यातही दोन गोष्टी तपासा. पहिली, अरुंदपणा कुठे आहे: नळीच्या मधोमध, कडेच्या खाचेत, की नस बाहेर पडते त्या छिद्रात. दुसरी आणि जास्त महत्त्वाची, एक मणका दुसऱ्यावरून पुढे सरकला आहे का. या सरकण्याला डिजनरेटिव्ह स्पॉन्डिलोलिस्थेसिस म्हणतात. शस्त्रक्रियेबद्दलचे निम्मे वाद या एका मुद्द्यावर उभे आहेत. त्यामुळे सरकलेले आणि न सरकलेले रुग्ण एकत्र मोजणारा निबंध सावधपणे वाचावा लागतो.

लक्षणांची व्याख्याही पाहा. उभे राहिल्यावर किंवा चालल्यावर मांड्या-पोटऱ्या दुखणे, जड होणे, मुंग्या येणे आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरे वाटणे, हे न्यूरोजेनिक क्लॉडिकेशन. डच न्यूरोसर्जन हेंक फर्बीस्ट यांनी १९५४ मध्ये नळीच्या अरुंदपणाशी या त्रासाचा जोडलेला संबंध आजही टिकून आहे. पायांच्या धमन्या अरुंद झाल्यावरही चालताना पोटऱ्या दुखतात, पण तिथे वाकावे लागत नाही, नुसते थांबले तरी आराम पडतो. हा दुसरा आजार कसा वगळला हे ज्या निबंधाच्या पद्धतीच्या भागात सापडत नाही, त्याचे आकडे अर्ध्या विश्वासाने घ्या.

शोध कसा घ्यावा

पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीवर जा. ती मोफत आहे. नुसते "स्टेनोसिस" टाकले तर हृदयाच्या झडपा आणि मानेच्या धमन्याही जाळ्यात येतात. म्हणून इंग्रजीत "लंबर स्पायनल स्टेनोसिस", "लंबर कॅनाल स्टेनोसिस" आणि "न्यूरोजेनिक क्लॉडिकेशन" हे तीन शब्दप्रयोग प्रत्येकी दुहेरी अवतरणचिन्हांत घालून मध्ये "ऑर" लावा आणि शोध शीर्षक व सारांश यांपुरता मर्यादित ठेवा. त्याला पबमेडची अधिकृत विषयसंज्ञा, मेश टर्म, "स्पायनल स्टेनोसिस" हीही जोडा. दोन्ही लागतात. पबमेडमधल्या प्रत्येक नोंदीवर मेश टर्म चढलेली नसते, आणि "स्पायनल स्टेनोसिस" या संज्ञेत मान, छाती, कंबर सगळे एकत्र येते.

डाव्या बाजूला वर्षवार निबंधांचा आलेख दिसतो. तो चढताच असतो. "या विषयातले संशोधन झपाट्याने वाढत आहे" असे वाक्य लिहिण्याचा मोह इथेच होतो आणि ते बहुधा चुकीचे ठरते, कारण सगळ्या वैद्यकशास्त्राचेच निबंध वाढत आहेत. खरा कल हवा असेल तर त्या वर्षातल्या स्टेनोसिसच्या निबंधांना त्याच वर्षी पबमेडमध्ये आलेल्या कण्याच्या सगळ्या निबंधांनी भागा आणि तो वाटा दहा-पंधरा वर्षे मांडा. चालू वर्ष आलेखातून वगळा. ते अपुरे असते आणि घसरण झाल्याचा भास होतो.

मग तोच शोध रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायलचा, म्हणजे रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसे गटांत वाटून केलेल्या चाचण्यांचा, फिल्टर लावून पुन्हा चालवा. ढीग एकदम लहान होतो. हा लहान ढीगच तुमचे खरे साहित्य आहे. व्हीओएसव्ह्यूअर किंवा साइटस्पेस या सॉफ्टवेअरमधून कीवर्डांचे रंगीत नकाशे काढता येतात आणि ते दिसतात छान. पण संशोधक कशाबद्दल बोलत आहेत एवढेच ते सांगतात. कोणता उपचार चालतो, हे त्यांतून कळत नाही. "एंडोस्कोपी" म्हणजे दुर्बिणीने होणारी शस्त्रक्रिया किंवा "डीप लर्निंग" म्हणजे यंत्राला शिकवण्याचे तंत्र, यांचा गोळा मोठा दिसला म्हणून पुरावा मोठा झाला असे धरू नका.

प्रत्येक चाचणीसाठी वहीत एक ओळ आखा: रुग्ण कोण होते, तुलना कशाशी, किती जणांनी मध्येच गट बदलला, मुख्य मोजमाप कोणते आणि ते किती काळाने घेतले, पुन्हा शस्त्रक्रिया किती झाल्या, पैसा कोणाचा. वीस ओळी भरल्या की प्रवाहाची दिशा आपोआप दिसू लागते. "किती जणांनी गट बदलला" हा रकाना बहुतेक जण आखतच नाहीत, आणि या आजारात तोच सर्वांत जास्त फसवतो.

गट बदलणारे रुग्ण

अमेरिकेतल्या तेरा केंद्रांवर झालेल्या स्पोर्ट या अभ्यासाचे स्टेनोसिसचे निष्कर्ष २००८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. २८९ रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत वाटले होते, एकाला शस्त्रक्रिया, दुसऱ्याला शस्त्रक्रियेविना उपचार. शिवाय स्वतःच निवड केलेल्या ३६५ जणांवर निरीक्षण होते. दोन वर्षांनी काय दिसले? शस्त्रक्रियेच्या गटातल्या ६७ टक्के लोकांनीच ती करून घेतली होती आणि दुसऱ्या गटातल्या ४३ टक्के लोकांनीही करून घेतली होती. म्हणजे कागदावरचे दोन गट प्रत्यक्षात फक्त २४ टक्क्यांनी वेगळे होते.

अशा वेळी दोन हिशेब येतात आणि दोन्ही वाचावे लागतात. वाटून दिलेल्या गटाप्रमाणे मोजले, म्हणजे इंटेन्शन-टू-ट्रीट, तर फरक पातळ होतो. इथे दुखण्याच्या गुणांत शस्त्रक्रियेची बाजू सरस ठरली, पण शारीरिक हालचालीच्या गुणांत फरक ठरला नाही. प्रत्यक्ष मिळालेल्या उपचाराप्रमाणे मोजले तर शस्त्रक्रिया स्पष्टपणे पुढे दिसली, पण मग चिठ्ठीने मिळालेला समतोल गेला, कारण ज्यांचा त्रास वाढला त्यांनीच गट बदलला असू शकतो. यांतला एकच आकडा उचलून मथळा करणारा लेख, तो शस्त्रक्रियेच्या बाजूचा असो की विरोधातला, बाजूला ठेवा. पुढे आठ वर्षांच्या पाठपुराव्यात चिठ्ठीच्या गटातला शस्त्रक्रियेचा फायदा चौथ्या वर्षानंतर ओसरत गेला, स्वतः निवड केलेल्यांत मात्र टिकला. पाठपुरावा दोन वर्षांवर थांबवणाऱ्या निबंधांकडे म्हणूनच थोडे संशयाने पाहावे.

२०१५ मध्ये १६९ रुग्णांवर शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी यांची तुलना छापून आली. दोन वर्षांनी फरक नाही असा निष्कर्ष होता, पण फिजिओथेरपीच्या गटातल्या ५७ टक्के रुग्णांनी मधल्या काळात शस्त्रक्रिया करून घेतली होती. "व्यायाम शस्त्रक्रियेइतकाच चांगला" हा मथळा त्यातून निघत नाही. "आधी व्यायाम करून पाहिला तर नुकसान होत नाही, निम्म्याहून जास्त लोक नंतर शस्त्रक्रियेकडे वळले" इतके निघते, आणि रुग्णाला सांगायला तेवढे पुरेसे मोलाचे आहे. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यालाही पाच चाचण्या आणि ६४३ रुग्ण यांवरून ठाम बाजू घेता आली नाही.

स्क्रू घालावेत की नाही

या विषयातला सर्वांत ठळक कल इथे आहे. नळी मोकळी करणे म्हणजे डीकम्प्रेशन. त्याच्या जोडीला मणके स्क्रू आणि सळ्यांनी सांधणे म्हणजे फ्यूजन. अमेरिकेत मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या लाभार्थ्यांत गुंतागुंतीच्या फ्यूजनचे प्रमाण २००२ मध्ये दर लाखामागे १.३ होते, २००७ मध्ये ते १९.९ झाले. पुरावा येण्याआधी प्रथा पंधरा पट वाढली. त्याच अभ्यासात जिवावर बेतणाऱ्या गुंतागुंती नुसत्या डीकम्प्रेशननंतर २.३ टक्के आणि मोठ्या फ्यूजननंतर ५.६ टक्के होत्या.

मग एप्रिल २०१६ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन चाचण्या आल्या आणि त्यांची तोंडे दोन दिशांना होती. स्वीडनच्या चाचणीत ५० ते ८० वयाचे २४७ रुग्ण होते, सरकलेले आणि न सरकलेले दोन्ही. दोन वर्षांनी ऑस्वेस्ट्री या कंबरदुखीच्या प्रश्नावलीच्या गुणांत फरक नव्हता आणि फ्यूजनवाले सरासरी ७.४ दिवस रुग्णालयात राहिले, दुसरे ४.१ दिवस. अमेरिकेच्या चाचणीत फक्त ६६ रुग्ण, सगळे सरकलेल्या मणक्याचे. तिथे एसएफ-३६ या सर्वसाधारण आरोग्याच्या प्रश्नावलीच्या शारीरिक गुणांत फ्यूजन सरस ठरले, सुधारणा १५.२ विरुद्ध ९.५, आणि पुन्हा शस्त्रक्रिया १४ टक्के विरुद्ध ३४ टक्के.

असा विरोध दिसला की "तज्ज्ञांत मतभेद आहेत" असे लिहून पुढे जाऊ नका, कारण शोधा. रुग्ण वेगळे होते का? होते. मोजपट्टी वेगळी होती का? होती, आणि अमेरिकेच्या चाचणीत ऑस्वेस्ट्रीवर मोजल्यावर फरक सांख्यिकीच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला नव्हता. पुन्हा शस्त्रक्रियेच्या आकड्यातही एक अडचण असते. ज्याचे मणके सांधलेले नाहीत त्याला दुखू लागले की सर्जनकडे देण्यासारखे काहीतरी शिल्लक असते, सांधलेल्याकडे तो पर्याय कमी. त्यामुळे हा आकडा रुग्णाच्या त्रासाबरोबर सर्जनच्या सवयीचेही माप होतो.

२०२१ मध्ये नॉर्वेच्या सोळा केंद्रांवरची नॉर्डस्टेन-डीएस ही चाचणी आली: २६७ रुग्ण, सगळे सरकलेल्या मणक्याचे. ऑस्वेस्ट्री गुण किमान ३० टक्के सुधारलेले रुग्ण नुसत्या डीकम्प्रेशनमध्ये ७१.४ टक्के, फ्यूजनसह ७२.९ टक्के. ही नॉन-इन्फिरिऑरिटी चाचणी होती, म्हणजे "कमी नाही" हे सिद्ध करायचे होते. अशी चाचणी वाचताना आधी शोधायचे ते मार्जिन, अर्थात किती कमी पडले तरी चालेल असे आधीच ठरवले होते ते. इथे ते १५ टक्के-अंक होते आणि विश्वासांतराची, म्हणजे खरा फरक ज्या मर्यादांत असावा त्या पट्ट्याची, खालची कड सुमारे १२ टक्के-अंक कमी इथे थांबली, म्हणून चाचणी यशस्वी. तुमच्या मते १५ फार सैल असेल तर निष्कर्षही तुमच्यासाठी सैल होतो, हे लिहून ठेवा. पुन्हा शस्त्रक्रिया १२.५ आणि ९.१ टक्के होत्या. २०२४ मध्ये पाच वर्षांचे आकडे आले, तेव्हाही डीकम्प्रेशन कमी पडले नव्हते.

वीस वर्षांच्या या ओळी एकाखाली एक ठेवल्या तर पुराव्याचा प्रवाह "कमीत कमी करा" या बाजूला वाहताना दिसतो. मणका फार हलता असेल, बाक मोठा असेल किंवा छिद्रातच नस अडकली असेल तर गणित बदलते, आणि असे रुग्ण या चाचण्यांत फार थोडे होते.

तंत्र कोणते हा प्रश्न त्यामानाने लवकर आटोपतो. नॉर्वेच्याच ४३७ रुग्णांच्या चाचणीत डीकम्प्रेशनच्या तीन कमी-चिरफाडीच्या पद्धतींत दोन वर्षांनी फरक निघाला नाही. दोन छिद्रांच्या एंडोस्कोपीवर सध्या भरपूर लिहिले जात आहे. ते वाचताना सर्जनने आधी किती शस्त्रक्रिया केल्या होत्या, नसांवरचे आवरण फाटण्याचे प्रमाण किती आणि पाठपुरावा किती महिन्यांचा, एवढे बघा. दोन मणक्यांच्या काट्यांमध्ये बसवायच्या उपकरणांचा इतिहास मात्र लक्षात ठेवा. नेदरलँड्समधल्या १५९ रुग्णांच्या २०१३ च्या चाचणीत लक्षणांतली सुधारणा नेहमीच्या डीकम्प्रेशनइतकीच होती, पण पुन्हा शस्त्रक्रिया २९ टक्के विरुद्ध ८ टक्के. उपकरणाच्या निबंधात हा रकाना पहिल्यांदा वाचा.

इंजेक्शन आणि व्यायाम

२०१४ ची एपिड्यूरल, म्हणजे कण्याच्या नळीत नसांच्या आवरणाबाहेर द्यायच्या, इंजेक्शनची चाचणी वारंवार चुकीची सांगितली जाते. ४०० रुग्ण, सोळा केंद्रे. एका गटाला बधिर करणारे लिडोकेन अधिक स्टेरॉइड, दुसऱ्याला नुसते लिडोकेन. तीन आठवड्यांना स्टेरॉइडवाले किंचित बरे होते, सहा आठवड्यांना अर्थपूर्ण फरक उरला नाही. यावरून "स्टेरॉइड घालून फारसे काही मिळत नाही" इतकेच सिद्ध होते. इंजेक्शन विरुद्ध काहीच नाही, हा प्रश्न तिथे विचारलाच नव्हता, कारण सुई दोन्ही गटांना टोचली होती.

व्यायामाच्या चाचण्यांत देखरेखीखालचा, रुग्णागणिक आखलेला व्यायाम पहिल्या काही आठवड्यांत सरस ठरतो. २०१९ मधल्या २५९ रुग्णांच्या चाचणीत दोन महिन्यांचा फरक सहा महिन्यांपर्यंत पुसला गेला. म्हणून मापनाची तारीख नेहमी निष्कर्षाच्या शेजारी लिहा.

एमआरआय आणि यंत्राची नजर

कृत्रिम बुद्धिमत्तेचे निबंध वाचण्याआधी तीन जुने आकडे पाठ असावेत. १९९० मध्ये पाठदुखी कधीच न झालेल्या ६७ लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा साठीच्या पुढच्यांत २१ टक्के लोकांत स्टेनोसिस दिसला. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात ६० ते ६९ वयात नळी १२ मिलिमीटरपेक्षा अरुंद असलेले ४७.२ टक्के आणि १० मिलिमीटरपेक्षा अरुंद असलेले १९.४ टक्के होते. जपानच्या वाकायामा अभ्यासात मध्यम किंवा त्याहून जास्त अरुंदपणा ७७.९ टक्के लोकांत होता, लक्षणे असलेला स्टेनोसिस मात्र ९.३ टक्के. चित्र आणि त्रास यांतले हे अंतर या आजाराचे मर्म आहे.

आता यंत्राला एमआरआयवरून स्टेनोसिसची श्रेणी ठरवायला शिकवले जाते. आरएसएनए या रेडिऑलॉजी संस्थेने २०२४ मध्ये कंबरेच्या एमआरआयवर यासाठी जाहीर स्पर्धाही घेतली. वाचताना एकच प्रश्न धरून ठेवा: यंत्राचे उत्तर कशाशी ताडले? बहुतेक वेळा रेडिऑलॉजिस्टने दिलेल्या श्रेणीशी. म्हणजे यंत्र रेडिऑलॉजिस्टशी सहमत होते, एवढेच कळले. रुग्ण किती मीटर चालतो किंवा कोणाला शस्त्रक्रियेने गुण येईल, हे कळले नाही. शिवाय प्रशिक्षण ज्या रुग्णालयांच्या चित्रांवर झाले त्यांहून वेगळ्या रुग्णालयाच्या चित्रांवर चाचणी झाली का, तेही तपासा.

अस्थिबंधाचे जीवशास्त्र

नळीच्या मागच्या भिंतीतला लिगामेंटम फ्लेव्हम हा पिवळा अस्थिबंध जाड होतो, त्यातले लवचीक इलॅस्टिन तंतू कमी होतात आणि कोलॅजन वाढते. या बदलामागचे रेणू शोधणारे निबंध पुष्कळ आहेत. त्यांतले बहुतेक पेशी किंवा प्राणी यांच्यापुरते असल्याने ते वेगळ्या पानावर नोंदवा.

एक धागा मात्र थेट रुग्णापर्यंत पोहोचतो. शस्त्रक्रियेत काढलेल्या या अस्थिबंधात अनेक वृद्धांमध्ये ट्रान्सथायरेटिन या प्रथिनाचे अ‍ॅमिलॉइड, म्हणजे चुकीच्या घडीने साचलेले, साठे सापडतात. तेच प्रथिन हृदयात साठले की हृदय ताठर होते, आणि दोन्ही मनगटांतला कार्पल टनेल म्हणजे तिथली नस दबण्याचा आजार व कंबरेचा स्टेनोसिस हे हृदयाच्या त्रासाच्या कित्येक वर्षे आधी येऊ शकतात. आता या हृदयविकारावर औषधे आहेत, त्यामुळे काढलेला तुकडा तपासायला पाठवावा का, हा प्रश्न फार जिवंत आहे. असा निबंध वाचताना अ‍ॅमिलॉइड सापडलेल्यांपैकी किती जणांच्या हृदयात खरोखर रोग निघाला तो आकडा शोधा. अस्थिबंधातला साठा म्हणजे हृदयरोग असे समीकरण होत नाही.

मोजपट्ट्या

ऑस्वेस्ट्री ० ते १०० असते, जास्त गुण म्हणजे जास्त अडचण. साधारण १० गुणांखालचा फरक रुग्णाला जाणवेलच असे नाही, मग त्याची सांख्यिकी कितीही चमकदार असो. ती मुळात कंबरदुखीसाठी घडवलेली आहे. या आजारासाठी खास घडवलेली झुरिक क्लॉडिकेशन प्रश्नावली लक्षणे, शारीरिक क्षमता आणि समाधान असे तीन भाग वेगळे देते. सर्वांत प्रामाणिक मोजमाप म्हणजे रुग्णाला स्वतःच्या गतीने, थांबावे लागेपर्यंत चालायला लावणे. ज्या निबंधात चालणे प्रत्यक्ष मोजले आहे त्याला आपल्या वहीत एक खूण जास्त द्या.

वही ताजी ठेवताना

पबमेडवर मोफत खाते उघडून हा शोध जतन करा आणि महिन्यातून एकदा ईमेल येईल असे लावा. रोजचे ईमेल आठवड्याभरात न वाचता साचतात. दर सहा महिन्यांनी चाचण्यांच्या नोंदवह्याही चाळा: क्लिनिकल ट्रायल्स डॉट गव्ह आणि जागतिक आरोग्य संघटनेचा एकत्रित शोध. तिथे सुरू असलेल्या चाचण्या निकालाआधीच दिसतात. डीकम्प्रेशनची तुलना खोट्या, म्हणजे नळी मोकळी न करणाऱ्या शस्त्रक्रियेशी करणारा ऑस्ट्रेलियाचा सक्सेस अभ्यास हा अशांपैकी एक. त्याचा आराखडा २०१९ मध्ये छापून आला आणि या क्षेत्रातला सर्वांत अवघड प्रश्न तोच विचारतो.

निबंध छापून आला की त्याची नोंदवहीतली जुनी आवृत्ती उघडा आणि मुख्य मोजमाप तेच आहे का ते जुळवा. नोंदणीत "दोन वर्षांनी ऑस्वेस्ट्री" आणि निबंधात "तीन महिन्यांनी पायदुखी" असेल तर वहीतल्या त्या ओळीला लाल खूण करा, आणि नोंदवलेल्या मोजमापाचे आकडे पुरवणीत दडले आहेत का ते पाहूनच ती ओळ भरा.